संगणकाची भाषा निवडताना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी धर्म, तीर्थ आणि समाजसेवा या विषयांवर विद्वानांची व्याख्याने होतच असतात. आजचा विषय वरकरणी त्यांहून निराळा वाटेल. परंतु समाजातील अनेक घरांत सध्या याच विषयावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्राकडे वळली, की पहिला प्रश्न येतो : संगणकाची कोणती भाषा शिकवावी? एक नातेवाईक जावा सांगतो, दुसरा पायथॉन सांगतो, शेजारी म्हणतो की आता यंत्रच सारे लिहिते, तेव्हा काहीच शिकू नये. मग वर्तमानपत्रातील एखादी जाहिरात पाहून पुण्याच्या एखाद्या वर्गाची फी भरली जाते. फी, खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा मेळ घातला, तर मध्यम दुकानदाराच्या वर्षभराच्या बचतीला हात लागतो. कित्येकदा कर्जही काढावे लागते. पैसा पुन्हा मिळवता येतो. उमेदीच्या वयातील वाया गेलेली दोन वर्षे मात्र परत येत नाहीत. म्हणून या निवडीचा विचार शांतपणे आणि पायापासून केला पाहिजे.

गिऱ्हाइकाची भाषा आणि चोपडीचा हिशेब

व्यापारी समाजाला भाषेची निवड हा विषय मुळीच नवा नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद हा भाग तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. तेथील दुकानदाराला मराठीबरोबर तेलुगूही येते. उदगीर आणि निलंगा कर्नाटकाच्या सीमेजवळ असल्याने तेथे कन्नड कानावर पडते. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात, म्हणून गुरुद्वाऱ्याजवळच्या बाजारात पंजाबीतले चार शब्द सहज बोलले जातात. यांपैकी एकाही दुकानदाराने 'जगातील सर्वश्रेष्ठ भाषा कोणती' असा प्रश्न विचारून भाषा निवडलेली नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलते, ती त्याने आत्मसात केली. भाव, माप, उधारी आणि वायदा यांचे ज्ञान मात्र त्याच्याजवळ अगोदरपासून होते. नवीन भाषेत त्याने ते केवळ उच्चारले.

याहून मोठा धडा या प्रदेशाच्या इतिहासात आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जात असे. व्यापाऱ्यांच्या चोपड्या मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिल्या जात. चलन हाली सिक्क्याचे होते आणि ब्रिटिश हद्दीतील व्यापारासाठी कलदार रुपयाचा हिशेब ठेवावा लागे. शंभर कलदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, अर्थात सहास सात हे प्रमाण, मुनीमजींना तोंडपाठ असावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कचेरीची भाषा बदलली. हाली सिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे वाराच्या जागी मीटर आला, मोडी मागे पडली आणि चोपडीच्या जागी संगणक आला.

एका पिढीच्या डोळ्यांदेखत भाषा, लिपी, चलन आणि माप ही चारही बदलली. या उलथापालथीत ज्याची सारी विद्या केवळ लिपीच्या वळणात होती, त्याची अडचण झाली. ज्याला रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज यांचे मर्म कळले होते, त्याने नव्या लिपीत तोच व्यवहार मांडला आणि दुकान चालू राहिले. भाषा बदलते, हिशेब टिकतो. संगणकाच्या भाषांविषयी जे काही सांगावयाचे आहे, त्याचे सार या एका वाक्यात आहे.

महावीराचार्यांचा दाखला

नवव्या शतकातील थोर जैन गणिती महावीराचार्य यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले पाहिजे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. हे राष्ट्रकूट घराणे स्वतःला 'लट्टलूर' या नगरीचे स्वामी म्हणवीत असे आणि ती नगरी म्हणजेच आजचे लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथेही राष्ट्रकूटांच्या वैभवाच्या खुणा आहेत. म्हणजे या ग्रंथाशी या भूमीचे दुहेरी नाते आहे, धर्माचे आणि मातीचे.

महावीराचार्यांनी गणिताला ज्योतिषापासून वेगळे काढून स्वतंत्र शास्त्र म्हणून मांडले. दिलेल्या वस्तूंमधून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यांनी सांगितला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी नोंदविले. त्यांचे नियम टप्प्याटप्प्याने सांगितलेले आहेत : प्रथम हे करावे, नंतर ते करावे, आलेल्या फलाला याने भागावे. आजच्या परिभाषेत अशा क्रमबद्ध कृतीला अल्गोरिदम म्हणतात. पुढे अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने हा ग्रंथ तेलुगूत नेला आणि १९१२ मध्ये मद्रास येथे रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. संस्कृत, तेलुगू, इंग्रजी अशी भाषा दोनदा पालटली. निवडीचा तो नियम मात्र तसूभरही बदलला नाही. आज तोच नियम पायथॉनमध्ये पाच-सहा ओळींत लिहिता येतो. विद्यार्थ्याने आधी नियम समजून घ्यावा; ओळी लिहिणे त्यानंतरचे.

कोणत्या भाषा गेल्या, कोणत्या राहिल्या

संगणकाला काम सांगण्यासाठी लिहिलेल्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणजेच प्रोग्रॅम म्हणतात आणि ती ज्या भाषेत लिहितात ती प्रोग्रॅमिंगची भाषा. शास्त्रीय आकडेमोडीसाठी १९५७ मध्ये फोर्ट्रान आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच व्यापारी हिशेबासाठी कोबोल तयार झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी ही भाषा घडविली. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथॉन प्रसिद्ध केली. १९९५ या एकाच वर्षी जावा, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या तीन भाषा लोकांसमोर आल्या.

आता दुसरी बाजू पाहावी. १९९० च्या दशकात देशभरातील लहानमोठ्या बाजारपेठांत बिलांचे आणि मालसाठ्याचे असंख्य प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिले जात. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रोची मूळ कंपनी विकत घेतली, २००७ मध्ये नवी आवृत्ती काढणार नाही असे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये साहाय्यही थांबविले. १९९८ ची व्हिज्युअल बेसिक सहावी आवृत्ती शिकविणारे वर्ग एके काळी गावोगावी भरत. तिचे साहाय्य २००८ मध्ये संपले. संकेतस्थळांवरील हलत्या चित्रांसाठी शिकले जाणारे फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. जिवंत भाषासुद्धा कात टाकते : पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचे साहाय्य १ जानेवारी २०२० रोजी संपले आणि सर्वांना तिसऱ्या आवृत्तीकडे यावे लागले.

याउलट कोबोल आजही मोठ्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या यंत्रणांत काम करीत आहे. शतकबदलाच्या वेळी, वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले जुने प्रोग्रॅम दुरुस्त करण्यासाठी कोबोल जाणणाऱ्या भारतीय तरुणांना मोठी मागणी आली होती. सी भाषा पन्नास वर्षांनंतरही यंत्रांच्या गाभ्यात आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या सिद्धान्तावर उभी राहिलेली एसक्यूएल ही माहितीच्या कोष्टकांची भाषा आजही बँकेपासून किराणा दुकानाच्या बिलापर्यंत सर्वत्र वापरात आहे.

गेलेल्या आणि राहिलेल्या साधनांत ठळक फरक असा दिसतो, की गेलेल्यांपैकी बहुतेक एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होती. जी राहिली, ती अनेकांच्या हाती पसरलेली होती आणि त्यांचे नियम जाहीर होते. म्हणून भाषा निवडताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही एकाच घराण्याची मालमत्ता आहे की सर्वांची? आणि उद्या ती मागे पडली, तर तिच्यातून मिळालेले ज्ञान दुसरीकडे उपयोगी पडेल काय?

पाया म्हणजे नेमके काय?

'पाया पक्का करावा' हे वाक्य सर्वच भाषणांत येते. पाया म्हणजे काय, हे सहसा सांगितले जात नाही. कापड दुकानाच्या साध्या बिलाचे उदाहरण घेतल्यास ते स्पष्ट होईल.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. कापडावर ५ टक्के. तयार कपड्यांत नगास १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असे दर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि त्यावरील दर १८ टक्के झाला. ज्या प्रोग्रॅममध्ये '१,०००' आणि '१२' हे आकडे ठिकठिकाणी ओळींत कोरून ठेवले असतील, त्याची त्या रात्री दैना होणार हे उघड आहे. ज्यात दर, मर्यादा आणि लागू होण्याचा दिनांक यांचे वेगळे कोष्टक असेल, त्यात केवळ एक नवी नोंद करावी लागेल. शिवाय २० सप्टेंबरच्या बिलावरील शर्ट २५ तारखेस परत आला, तर त्याचा हिशेब जुन्याच दराने झाला पाहिजे. म्हणजे जुनी नोंद पुसूनही चालणार नाही. बदलणारी गोष्ट आणि न बदलणारी गोष्ट वेगळी ठेवणे, हा पायाचा पहिला दगड होय. तो कोणत्याही भाषेत घालता येतो आणि कोणत्याही भाषेत विसरता येतो.

दुसरे उदाहरण पैशांचे. पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज साध्या पद्धतीने केल्यास उत्तर बरोबर ०.३ येत नाही; दशांशचिन्हानंतर बऱ्याच शून्यांनंतर शेवटी एक ४ दिसतो. यात यंत्राचा दोष नाही. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो आणि जसा एक-तृतीयांश दशमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक-दशांश द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. म्हणून हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये रक्कम पूर्णांक पैशांत ठेवतात किंवा दशमान गणितासाठी असलेली खास सोय वापरतात. कोबोलमध्ये दशमान गणिताची सोय मुळातच होती; बँकांनी ती जपली, याचे हे एक कारण आहे. भाषेचा गुण तिच्या कामाशी जोडूनच पाहावा लागतो, तो असा.

अशा रीतीने समस्या लहान भागांत तोडणे, माहिती योग्य कोष्टकात ठेवणे, अपवाद आधीच ओळखणे, आपले उत्तर स्वतःच तपासणे आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचून समजणे, या पाच गोष्टींना पाया म्हणावे. त्यांना किमान दीड-दोन वर्षांचा नियमित सराव लागतो. सहा महिन्यांत सहा भाषा देण्याची जाहिरात यांतील एकही गोष्ट देऊ शकत नाही.

अनेकान्ताची दृष्टी

'सर्वांत चांगली भाषा कोणती' या प्रश्नाचे उत्तर जैन दर्शनाच्या अभ्यासकाला सहज देता येईल. अनेकान्त शिकवितो, की वस्तूकडे ज्या अपेक्षेने पाहावे त्यानुसार विधान करावे. एकान्ताचा आग्रह धरू नये. वेगाच्या आणि यंत्राच्या जवळिकीच्या अपेक्षेने सी श्रेष्ठ. शिकण्याच्या सुलभतेच्या अपेक्षेने पायथॉन श्रेष्ठ. संकेतस्थळाच्या अपेक्षेने जावास्क्रिप्टला पर्याय नाही. म्हणून आधी काम ठरवावे, मग भाषा.

ज्याला संकेतस्थळे करावयाची आहेत, त्याने एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट हा क्रम धरावा. मोठ्या कंपन्यांच्या व्यवहार-यंत्रणांत काम करू इच्छिणाऱ्यास जावा आणि एसक्यूएल दीर्घकाळ उपयोगी पडतात. माहितीचे विश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत पायथॉन, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र ही तिन्ही लागतात. संख्याशास्त्र टाळून तेथे टिकाव लागत नाही. अँड्रॉइड मोबाइलसाठी गुगलने २०१७ मध्ये कोटलिन भाषेला अधिकृत पाठिंबा दिला. ॲपलच्या फोनसाठी २०१४ पासून स्विफ्ट आहे. ठिबक सिंचनाचा पंप किंवा गोदामातील तापमापक चालविणारी छोटी यंत्रे करावयाची असल्यास सी भाषेकडे वळावे.

अजून काहीच ठरलेले नाही, अशा विद्यार्थ्याने काय करावे? बहुसंख्य विद्यार्थी याच अवस्थेत असतात आणि त्यात गैर काही नाही. त्याने पायथॉन किंवा सी यांपैकी एक भाषा घ्यावी, वर्षभर ती सोडू नये आणि दुसऱ्या वर्षी एसक्यूएल जोडावी. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात जी भाषा असेल, तीच पहिली धरली तरी चालते. पहिली भाषा वर्ष घेते, दुसरी काही महिने, तिसरी काही आठवडे. जो पहिलीच अर्धवट सोडून दुसरीकडे धावतो, त्याला प्रत्येक भाषा पहिलीच वाटत राहते.

अचौर्य, अपरिग्रह आणि साधने

भाषेबरोबर साधनांची निवडही येते. येथे अणुव्रतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. महागडी सॉफ्टवेअर चोरून वापरणे ही आपल्या देशात फार जुनी सवय आहे आणि 'सगळेच वापरतात' हे तिचे नेहमीचे समर्थन असते. परवाना नसलेले सॉफ्टवेअर वापरणे हा अचौर्य व्रताचा भंगच होय. तराजूत खोट ठेवण्याहून तो वेगळा नाही. सुदैवाने आज या मोहाचे कारणच उरलेले नाही. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स ही कार्यप्रणाली, त्यांनीच २००५ मध्ये केलेले गिट हे साधन, पोस्टग्रेएसक्यूएल ही माहितीसाठ्याची प्रणाली आणि पायथॉनसारख्या भाषा कायदेशीर रीतीने विनामूल्य मिळतात. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा लेखन-संपादकही विनामूल्य आहे.

गिटविषयी दोन शब्द अधिक सांगणे योग्य होईल. लिहिलेल्या आज्ञावलीत कोणी, केव्हा, कोणता बदल केला, याची ते नोंद ठेवते आणि चूक झाल्यास मागे जाता येते. व्यापाऱ्याच्या भाषेत ही प्रोग्रॅमची रोजकीर्द आहे. रोजकीर्द नसलेल्या पेढीवर जसा विश्वास ठेवता येत नाही, तसेच येथेही आहे. भाषा कोणतीही असो, गिट पहिल्या वर्षीच शिकावे.

देशातील अनेक महाविद्यालयांत १९९० च्या दशकारंभीचे टर्बो सी प्लस प्लस हे साधन त्यानंतर दोन-अडीच दशके शिकविले जात राहिले. सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चे असल्याने त्या जुन्या साधनावर शिकलेल्याला नोकरीच्या ठिकाणी पुन्हा श्रीगणेशा करावा लागे. विद्यार्थ्याने परीक्षेसाठी सांगितलेले साधन वापरावे, परंतु घरी नव्या साधनावर तोच सराव अवश्य करावा.

मराठीत काम करताना युनिकोडचाच आग्रह धरावा. निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलेली जुनी मराठी पाने दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात, हा अनुभव सभासद-याद्या आणि स्मरणिका तयार करणाऱ्या सर्वच संस्थांना परिचित आहे. युनिकोडमध्ये अक्षराला फॉन्टनिरपेक्ष क्रमांक असतो, म्हणून मजकूर पुढील पिढीलाही वाचता येतो.

अपरिग्रहाचा विचारही येथे लागू पडतो. दहा भाषांची नावे आणि पंधरा प्रमाणपत्रे हा एक परिग्रहच होय. त्यापेक्षा एका भाषेत स्वतः पूर्ण केलेले एक उपयुक्त काम मुलाखतीत अधिक बोलते.

लातूर पॅटर्नची शक्ती आणि मर्यादा

या दोन जिल्ह्यांना शिक्षणाचे बळ कमी नाही. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून कार्यरत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झाले आणि लातुरात त्याचे उपकेंद्र आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी नावारूपास आणलेला लातूर पॅटर्न महाराष्ट्रभर ओळखला जातो. नियमित सराव, वारंवार चाचण्या आणि चुकांचे विश्लेषण ही त्याची शक्ती आहे. ही शिस्त प्रोग्रॅमिंगलाही तंतोतंत लागू पडते : रोज एक तास, रोज एक प्रश्न, रोज एक चूक स्वतः शोधणे.

परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवावी. प्रवेशपरीक्षेत प्रश्न छापलेला असतो आणि उत्तर चारांपैकी एक असते. प्रत्यक्ष कामात प्रश्नच धूसर असतो. 'उधारीचा हिशेब नीट दिसत नाही' असे दुकानदार सांगतो; त्यातून नेमका प्रश्न शोधणे हेच अर्धे काम असते. म्हणून सरावाबरोबर माणसांशी बोलण्याची सवयही लागली पाहिजे आणि व्यापारी घरातील मुलांना ती लहानपणापासून असते. एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम संगणक वापरण्याची ओळख करून देतात; त्या ओळखीला प्रोग्रॅमिंगचे ज्ञान समजण्याची गल्लतही करू नये.

यंत्रच लिहीत असेल तर?

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साध्या मराठीत वा इंग्रजीत विनंती केली तरी प्रोग्रॅम लिहून मिळतो. मग शिकायचे कशाला, असे अनेक पालक विचारतात. या प्रश्नाला हसून टाळता येणार नाही. केवळ ओळी टंकण्याचे जे काम नवशिक्यांना मिळत असे, ते कमी होत जाणार, हे मान्य केले पाहिजे.

तथापि, हिशेबयंत्र आल्यावर पाढे मागे पडले, पण तेरजेतील चूक कोठे आहे हे ओळखणाऱ्या मुनीमजींची किंमत वाढलीच. यंत्राने लिहिलेल्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या दिनांकाला नवा दर लागतो आहे काय, पैशांची बेरीज बरोबर आहे काय, ग्राहकाची खाजगी माहिती उघडी तर पडत नाही ना, हे पाहणारा जाणता माणूस हवाच. यंत्र चुकीचे उत्तरही आत्मविश्वासाने देते. ज्याला वाचता येत नाही, त्याने सही करू नये, हा व्यवहारातील जुना नियम येथेही पाळावा. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहावे. नंतर यंत्राची मदत घ्यावी आणि त्याच्या प्रत्येक ओळीचा जाब विचारण्याची पात्रता अंगी आणावी.

पालक आणि संस्था यांचे कर्तव्य

पालकांनी फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुलाला किंवा मुलीला या कामाची ओढ आहे काय, हे घरच्या संगणकावर तीन महिने विनामूल्य साधनांनी शिकवून पाहता येते. दुसरी, वर्गात शिकलेल्या विद्यार्थ्यांनी केलेली कामे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात काय. तिसरी, नोकरीची हमी लेखी आहे काय आणि तिच्या अटी कोणत्या. धागा तपासल्याशिवाय कापडाचा तागा न घेणाऱ्या माणसाने मुलांचे वर्ष मात्र रंगीत पत्रक पाहून द्यावे, हे विसंगत आहे. मुलींच्या बाबतीत तर हे क्षेत्र विशेष अनुकूल आहे. लातूर किंवा नांदेडला राहूनही दूरच्या शहरातील काम करता येते, हे २०२० च्या टाळेबंदीत सर्वांनी पाहिले.

संस्थेच्या दृष्टीनेही काही सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. शैक्षणिक साहाय्य देताना प्रमाणपत्रांच्या संख्येऐवजी विद्यार्थ्याने केलेले एखादे काम पाहावे. संस्थेच्या वास्तूत चार संगणकांची अभ्यासिका असावी आणि पुणे, मुंबई, हैदराबाद येथे नोकरी करणाऱ्या समाजातील अभियंत्यांनी सुटीत गावी आल्यावर तेथे दोन तास द्यावेत. हे ज्ञानदानच होय. कामे तर संस्थेजवळच आहेत : पाठशाळेची हजेरी, ग्रंथालयाची नोंदवही, भोजनशाळेची कुपने, भाड्याने जाणाऱ्या भांड्यांचा हिशेब. विद्यार्थ्यांनी ही कामे वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावीत. हजेरीचा साधा प्रोग्रॅम करतानाही चातुर्मासात वेळ बदलते, एकाच नावाची दोन मुले असतात, एखादे नाव चुकीचे लिहिले जाते. अशा अडचणींतून जे शिकावयास मिळते, ते पुस्तकातून मिळत नाही.

रत्नत्रयीचा क्रम सर्वांना ठाऊक आहे : सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान, सम्यक चारित्र. लौकिक विद्येलाही तो क्रम शोभतो. प्रथम काय करावयाचे आहे याची योग्य दृष्टी, मग त्याचे योग्य ज्ञान आणि शेवटी प्रामाणिक आचरण. या क्रमाने चालणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली भाषा कोणती होती, हे दहा वर्षांनी कोणी विचारणार नाही. त्याने केलेला हिशेब चोख होता काय, एवढेच विचारले जाईल.